योकमोक्कच्या जत्रेतल्या सामी सुऱ्या

उत्तर स्वीडनमधलं योकमोक्क आर्क्टिक वृत्ताला अगदी लागून, किंचित वरच्या अंगाला आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारपासून इथे सामी या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी लोकांची मोठी जत्रा भरते, थेट १६०५ पासून. कर गोळा करायला आणि व्यापारावर नजर ठेवायला राजाला ती सोयीची होती. मी गेले ती मात्र सुऱ्या बघायला.

सामींची मोठी सुरी म्हणजे 'स्तुओर्रा नीबी'. वीतभर पातं, वजनदार. आपल्याकडे कोयता करतो तशी सगळी दांडगी कामं तिची: फांद्या तोडायच्या, सरपण फोडायचं, रेनडिअरची नळी फोडून मगज काढायचा. छोटी सुरी नाजूक हाताची. उन्हाळ्यात पाडसांच्या कानावर मालकाची खूण कापतात ती हिनेच.

पोलाद पूर्वीपासून व्यापारातून यायचं. बाकी सगळं बर्चचं झाड आणि रेनडिअर यांच्यातूनच. एका कारागिराने बर्चच्या सालीची मूठ कशी करतात ते दाखवलं. सालीचे चौकोनी तुकडे कापायचे, मधोमध चीर पाडायची आणि पात्याच्या शेपटीवर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या टोकावर, एकेक ओवत जायचं. थप्पी करकचून दाबायची, मग कानशीने घासून आकार द्यायचा. घासलेल्या मुठीवर थरांच्या बारीक तपकिरी रेघा उमटतात. हातमोजा काढून मी ती धरली. शेजारच्या सुरीचं पितळ बोटांना डसत होतं, ही मूठ गार लागलीच नाही! सालीत हवा कोंडलेली असते, म्हणून ती हाताची ऊब ओढून घेत नाही. ओल्या, चरबट हातातूनही सटकत नाही.

म्यानाचा खालचा भाग शिंगाचा असतो, म्हणजे टोक चामड्यातून आरपार जात नाही. रेनडिअर दरवर्षी शिंगं गाळतात, त्यामुळे झडलेलं शिंगही चालतं. त्यावर बारीक नक्षी कोरून अल्डरच्या झाडाच्या सालीची पूड चोळली की रेघा तांबूस होतात. दक्षिणेकडे दाट भौमितिक नक्षी, उत्तरेकडे मोकळी फुलं. संग्राहक सबंध शिंगाच्या सुऱ्यांभोवती गर्दी करतात. माझ्या मते खरी कमाल त्या साध्या सालीच्या मुठीत आहे.

घ्यायची असेल तर 'दुओद्जी'ची खूण बघा. ती सामी हस्तकलेची अधिकृत खूण आहे. सुरी विमानात चेक-इनच्या बॅगेतच टाका. पातं कार्बन पोलादाचं असेल, तर वापरून झाल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा.