तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीला कोणती डिस्क लावू?

दर दिवाळीच्या सेलला मला हमखास फोन येतात. मेव्हणा, मावसभाऊ, ऑफिसमधले दोघंतिघं, सोसायटीतले काका. प्रश्न एकच: "टीव्हीच्या बॉक्सला लावून पिक्चर बघायचेत, कोणती डिस्क घेऊ? एक टीबी की दोन टीबी? एसएसडीच घेऊन टाकू का?" मी उलट विचारतो की बॉक्स कोणता आहे, पोर्ट कोणतं आहे आणि त्या डिस्कवर जे ठेवणार ते अजून कुठे आहे का. समोरचा वैतागतो. परवा मेव्हणा म्हणालाच, "साधं कंपनीचं नाव विचारलं तर तू उलटतपासणी घेतोस." तेव्हा मी गप्प बसलो. आता एकदाच लिहून ठेवतो.

कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण माझ्याकडे सगळ्या कंपन्यांच्या डिस्क मेल्या आहेत.

वेगासाठी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, घेऊ नका. ४के ब्लू-रेवरचा जडात जड चित्रपट सेकंदाला जास्तीत जास्त १२८ मेगाबिट मागतो, म्हणजे १६ मेगाबाइट. जुनं यूएसबी २.० पोर्टसुद्धा प्रत्यक्षात ३०-४० मेगाबाइट आरामात देतं. पिक्चर अडकत असेल तर नव्वद टक्के वेळा बॉक्सला ती फाइल उलगडताच येत नसते, डिस्क बिचारी आपलं काम करत असते. एसएसडी घ्यायची तर ती पडली तरी सहसा जगते, आवाज करत नाही आणि वीज कमी खाते म्हणून घ्या.

विजेचं मात्र नीट ऐका. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढू शकते. पुरेशी वीज नाही मिळाली की ती फिरते, थांबते, पुन्हा फिरते, आणि कान लावला तर आतून टक्... टक्... असा आवाज येतो. लोक म्हणतात डिस्क खराब निघाली. दुकानदार बदलून देतो, दुसरीही तशीच टकटकते. अशा वेळी स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा, किंवा वेगळा अॅडॅप्टर लागणारी साडेतीन इंची मोठी डिस्क घ्या. आणि काहीशे रुपयांत 'दोन टीबी'चा पेनड्राइव्ह दिसला तर त्याला हात लावू नका. आतली जागा फार थोडी असते, टीव्हीला आणि कॉम्प्युटरला तो दोन टीबी असल्याचं खोटं सांगतो, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला उरतात.

इतकं सांगून मी थांबू शकतो. पुष्कळदा थांबतोच. पण तिसरा प्रश्न, 'ते अजून कुठे आहे का' हा, मी का विचारतो, हे कुणी विचारत नाही.

आमच्या अण्णांना व्हिडिओ कॅमेऱ्याचं वेड होतं. मिनी डीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटच्या, ४४ टेप. घरचे गणपती, ताईचं लग्न, आजीची पंचाहत्तरी, देवरुखच्या अंगणातला पाऊस. अण्णा गेल्यावर मी त्या पुण्याला आणल्या आणि २०१४ साली एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. टेप जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ उतरवायला लागतो. दीड महिना रोज रात्री जेवण झालं की एक टेप. तासाच्या टेपची फाइल साधारण १३ जीबीची होते. डिस्कवर फाइली मांडायच्या फॅट ३२ या जुन्या पद्धतीत चार जीबीच्या वरची फाइल मावत नाही, म्हणून मी एक टीबीची डिस्क एक्सफॅट या नव्या पद्धतीने तयार करून घेतली आणि देवरुखला आईच्या बॉक्सला लावून दिली. ती रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की काहीतरी लावून बसायची.

टेप मी टाकून दिल्या. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो. दोन पावसाळे माळ्यावर काढून त्यांना बुरशी धरली होती, घरात जागा नव्हती, आणि माझ्या मते सगळं 'सेव्ह' झालं होतं. आजही तेव्हाच्या माझ्याशी माझं भांडण होतं. तो म्हणतो, बुरशीच्या टेपचं काय करणार होतास? तेव्हाच्या नेटवरून पावणेसहाशे जीबी चढवणार होतास का? आणखी एका डिस्कचे साडेतीन-चार हजार तेव्हा होते का तुझ्याकडे? होते. मागच्याच महिन्यात मी त्याहून महागडे बूट घेतले होते.

२०१९ च्या श्रावणात आईचा जुना बॉक्स गेला. भाच्याने रत्नागिरीहून नवा अँड्रॉइड बॉक्स आणून दिला आणि तो निघून गेला. दुपारी मी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन.

"अरे, तुझी ती डिस्क लावली तर काहीतरी इंग्रजीत आलंय. दोन चौकोन आहेत. कुठला दाबू?"

मी खालच्या आवाजात म्हटलं, "पहिला दाब."

"अजून एक आलं. लाल त्रिकोण आहे."

"ओके करत जा गं आई, मी मीटिंगमध्ये आहे."

ती गप्प झाली. मी समोरच्या पडद्याकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "दहा टक्के झाले. हां, आता तीस."

डिस्क वाचताना टक्के येत नाहीत. टक्के कधी येतात ते मला ठाऊक होतं. नव्या बॉक्सला एक्सफॅट वाचता येत नव्हतं, म्हणून तो विचारत होता की ही डिस्क माझी स्वतःची साठवण म्हणून तयार करू का, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आईने मी सांगितलं तेच केलं होतं. "साठ. सत्तर. किती भरभर होतंय रे." तिच्या आवाजात कौतुक होतं.

(त्याच महिन्याच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील सगळ्यांना खुला केला, म्हणजे अशा बॉक्सना ते वाचायला शिकवणं सोपं होणार होतं. ती बातमी मी पुण्यात बसून वाचली. फार वेळ वाचत होतो.)

तुम्हाला सांगायचं आहे ते यापुढचं. त्या क्षणी काहीच संपलेलं नव्हतं. असा फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका फाडतो, पानं जागेवर असतात. मी एवढंच म्हणायला हवं होतं: "आई, बॉक्स बंद कर, डिस्क काढ, कपाटात ठेव." ते मी म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "राहू दे तसंच, गणपतीला आल्यावर बघतो." आणि फोन ठेवला. मग बारा दिवस तो बॉक्स त्या डिस्कला आपलं घर समजून तिच्यावर लिहीत राहिला. आई मालिका बघत होती, बॉक्स अॅप अपडेट करत होता, आणि अण्णांची पानं एकेक करून पुसली जात होती. आईला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसलो असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. ते खरं नाही. ती रडली असती तर मला ऐकवलं नसतं.

पुण्यात डेटा काढून देणाऱ्या एकाने ४४ पैकी ३१ फाइली काढल्या. नावं गेली होती, आकडे राहिले. मिनी डीव्हीत प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवलेली असते, त्यामुळे अर्धवट फाइलसुद्धा तुटते तिथपर्यंत नीट चालते. तशा एका फाइलमध्ये आमचा ओटा दिसतो. कॅमेरा कुणीतरी दुसऱ्याने धरलाय. अण्णा ओल्या फडक्याने पाट पुसतायत, फडकं पिळतात, उजव्या कोपऱ्यातला एक डाग नखाने खरवडतात, मान वर करून म्हणतात, "तबक आणलं का?" तिथे फाइल संपते. पुढे आरती होती. अण्णा वरच्या पट्टीत आरती म्हणायचे, तो आवाज दुसऱ्या कुठल्याही फाइलमध्ये नाही.

एसएसडी असती तर कदाचित ३१ पण मिळाल्या नसत्या. पुसलेल्या जागा ती पुष्कळदा लगेच आतून रिकाम्या करून टाकते. म्हणून घरचं काही ठेवणार असाल तर मी हार्ड डिस्क सुचवतो, आणि तुम्ही म्हणता हा जुन्या काळातला माणूस आहे. पण तीच हार्ड डिस्क टेबलावरून पडली की गेली, हेही खरं. माझ्याकडे याचं उत्तर नाही. दोन डिस्क घ्या म्हणतो तर तुम्ही म्हणता, पिक्चरच तर आहेत. पिक्चर असतील तर खरंच कुठलीही घ्या. पण सहा महिन्यांनी त्याच डिस्कवर बाळाचं बारसं येतं, हे मी चार घरांत पाहिलंय.

आता त्या ३१ फाइली माझ्याकडे दोन डिस्कवर आहेत आणि एक डिस्क ताईकडे नाशिकला. आईला मात्र मी डिस्क देत नाही. फाइली तासाला तीन जीबीच्या आत बसवून ३२ जीबीच्या तीन पेनड्राइव्हवर फॅट ३२ मध्ये दिल्या. तिन्ही पेनड्राइव्हला बाजूला लॉकची छोटी कळ आहे, ती लावली की त्यावर काही लिहिता येत नाही. असे पेनड्राइव्ह शोधावे लागतात आणि महाग पडतात. ओळखायला लाल, हिरवा, पिवळा दोरा बांधलाय.

त्या गणपतीत मी आईला सगळं सांगितलं. टेपचंही, बारा दिवसांचंही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मीच दाबलं ते." मी म्हटलं, मी सांगितलं म्हणून दाबलंस. ती म्हणाली, "बोट माझं होतं ना." ते अजून तिच्या मनातून गेलेलं नाही.

आता टीव्हीवर कुठलीही इंग्रजी पाटी आली की ती रिमोट खाली ठेवते, चष्मा लावते, मला फोन करते आणि एकेक अक्षर वाचते. मध्यंतरी वायफायचा पासवर्ड विचारणारी साधी पाटी होती. पूर्ण वाचायला तिला पाच मिनिटं लागली. मी मीटिंगमधून उठून जिन्यात जाऊन ऐकत होतो.