मागून सपाट चिठ्ठी

कोपरखैरण्यात मेडिकलच्या काउंटरवर मला ६ वर्षं झाली. खोकला नसताना नाव घेऊन कफ सिरप मागणारी पोरं लांबून ओळखू येतात. काकूंना मी ओळखलं नाही.

पन्नाशीच्या, गुडघेदुखीवर ट्रॅमाडॉल घेणाऱ्या. दर वेळी सोबत इसबगोल. त्या दिवशी, भर मे महिन्यात, सारख्या जांभया देत होत्या, नाक गळत होतं. पैसे पुढे केले तेव्हा हातावर काटा दिसला. "सर्दी झालीय गं. आणि इसबगोल नको आज, जुलाब थांबवायची गोळी दे."

तिथे मी थबकले. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधं पोट बांधून ठेवतात. ती संपली की पोट सुटतं, अंगावर काटा येतो, नाक वाहतं.

चिठ्ठी उलटी करून बोट फिरवलं. बॉलपेनने लिहिलं की मागे उठाव येतो. कागद सपाट होता. कलर झेरॉक्स! औषध दिलं की आम्ही मूळ चिठ्ठीवर शिक्का मारतो, म्हणून दर वेळी बिनशिक्क्याची नवी प्रत.

"काकू, ही देता येणार नाही."

"दोन तरी दे गं. रात्र जात नाही."

त्यांना आत स्टुलावर बसवलं. एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात, असं सांगितलं. व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४४६ नंबर लिहून दिला. "मी काय दारुडी आहे का?" म्हणाल्या आणि उठल्या.

रात्री एच-१ चं, म्हणजे कडक नियमांच्या औषधांचं, रजिस्टर काढलं. डॉक्टर, पेशंट, औषध, नग, सगळं त्यात उतरवून ३ वर्षं जपायचं असतं. २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातही आहे, त्यामुळे मी एक ओळ चुकवत नाही. काकूंचं नाव आधी पंधरा दिवसांनी, मग दहा, मग सहा. सगळं माझ्याच अक्षरात. तपासणीला येणारेही रकाने भरलेत का एवढंच बघतात. त्या ओळी एकाखाली एक कुणी वाचत नाही. मीही वाचल्या नव्हत्या.

आता दर शनिवारी वाचते. काकू परत आलेल्या नाहीत. त्यांनी फोन लावला असेल, की पुढच्या नाक्यावरचं दुकान गाठलं असेल? तिथे चिठ्ठी मागतच नाहीत.