प्रागमधला जानेवारी

१४ जानेवारी, रात्री

सकाळी आठला उजाडलं आणि साडेचारच्या आत मावळलंही. मधल्या वेळात सूर्य दिसला असं म्हणवत नाही. ढगांमागे कुठेतरी फिकट उजेड होता, एवढंच. तापमान उणे चार. लेक इथे नोकरीला आल्यापासून सांगत होती, "आई, मे महिन्यात ये, सगळ्या बागा फुललेल्या असतात." मी जानेवारीच मागून घेतला. एक ठरावीक तारीख मला याच शहरात घालवायची होती. त्या तारखेबद्दल परवा लिहीन.

आज संक्रांत. नाशिकहून आणलेले तिळाचे लाडू लेकीने शेजारच्या आजींना नेऊन दिले. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. दारातच बूट काढायचे, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कापडी सपाता पायात घालायच्या. इथे घरोघरी हीच पद्धत आहे. युरोपात लोक बुटांसकट घरात वावरतात अशी माझी ठाम समजूत होती, निदान या देशापुरती ती आज गेली. घरात उबदार, बावीस-तेवीस अंश. खिडकीखालच्या रेडिएटरवर आजींचे लोकरी हातमोजे वाळत होते. त्यांनी लसणाचं सूप दिलं. भरपूर लसूण, बटाटा, वरून तळलेल्या पावाचे तुकडे. सर्दीवर हाच उपाय, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मला ते पटवून द्यायची गरजच नव्हती.

जुन्या चौकातला नाताळबाजार सहा जानेवारीला उठतो. त्यानंतर शहर रिकामं होतं आणि आपल्या कामाला लागतं. दुपारी चौकात माणसं होती, पण ती कुठेतरी निघालेली होती. १४१० सालच्या घड्याळाखाली तासाच्या ठोक्याला जेमतेम वीस जण उभे असतील. बारा प्रेषित खिडकीतून फिरून गेले, मृत्यूच्या सांगाड्याने घंटेची दोरी ओढली आणि मंडळी पांगली. घड्याळ सुंदर आहे, पण त्याच इमारतीच्या भिंतीलगत फरसबंदीत बसवलेले सत्तावीस पांढरे क्रूस मला जास्त वेळ धरून ठेवणारे वाटले. १६२० मध्ये श्वेतगिरीच्या लढाईत चेक सरदार हॅप्सबर्ग सम्राटाविरुद्ध हरले, आणि पुढच्या वर्षी २१ जूनला या जागी सत्तावीस जणांना मृत्युदंड दिला गेला. उन्हाळ्यात म्हणे इथे इतकी गर्दी असते की क्रूस पायांखाली दिसतही नाहीत. आज प्रत्येकाच्या खाचेत बारीक बर्फ साचला होता आणि एकेक क्रूस मोजता येत होता.

चालताना मात्र सारखं खाली बघावं लागतं. इथले पदपथ मुठीएवढ्या चौकोनी दगडांचे आहेत, पांढऱ्या-करड्या नक्षीचे, आणि त्यावर बर्फ गोठला की ते काचेसारखे होतात. म्हणून पहाटे त्यावर बारीक खडी टाकतात. दिवसभर पायाखाली तिचा करकर आवाज येत राहतो. काही इमारतींसमोर भिंतीला तिरक्या काठ्या टेकवून लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसली. छपरावरून बर्फाची लादी घसरून डोक्यात पडू नये, म्हणून तेवढा रस्ता सोडून चालायचं.

१५ जानेवारी

आज बाळ येशूला भेटले. भेटले हाच शब्द लिहिते.

आमच्या नाशिकरोडला नेहरूनगरजवळ बाळ येशूचं मंदिर आहे. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते. वसईहून, मुंबईहून, गोव्याहून गाड्या भरभरून लोक येतात, आणि नाशिकची हिंदू माणसंही तितक्याच सहजपणे रांगेत उभी राहतात. धाकटा भाऊ लहानपणी बराच काळ आजारी होता, तेव्हा आमच्या आईने तिथे नवस केला होता. तो बरा झाल्यावर ती दरवर्षी न चुकता मेणबत्ती लावायला जायची, आणि मी तिचा पदर धरून. त्या मूर्तीचा मोठा मुकुट, डाव्या हातातला क्रूस असलेला गोल, आशीर्वादाला उचललेली उजव्या हाताची दोन बोटं, हे सगळं मला पाठ आहे. मूळ मूर्ती प्रागची आहे हे खूप उशिरा कळलं.

कार्मेलित्स्का रस्त्यावर विजयी मातेचं चर्च आहे. दर्शनी भाग अगदी साधा, ट्रॅममधून सहज नजरेआड होईल असा. आत उजव्या हाताच्या वेदीवर काचेच्या पेटीत ती मूर्ती आहे. उंची साधारण हातभर, सुमारे ४७ सेंटीमीटर. लाकडाच्या गाभ्यावर मेणाचं काम. ती स्पेनहून इथे आली आणि १६२८ मध्ये पोलिक्सेना लोबकोवित्स या सरदार घराण्यातल्या बाईंनी ती कार्मेलाईट साधूंना दिली. मेणाची एवढीशी मूर्ती युद्धांतून, लुटींतून वाचली. जगभरच्या प्रतिकृती तिच्यावरून घडल्या आणि त्यातली एक आमच्या गावात येऊन पोचली.

चर्चमध्ये माझ्याखेरीज चार-पाच माणसं. दोन फिलिपिनो बाया गुडघे टेकून पुटपुटत होत्या. श्वासाची वाफ दिसत होती. बाळाच्या अंगावर हिरवा झगा होता, सोन्याच्या कशिद्याचा. इथल्या जोगिणी सण-काळाप्रमाणे त्याचे कपडे बदलतात: नाताळ आणि ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, एरवीच्या दिवसांत हिरवा. विठोबाला, अंबाबाईला रोजचा आणि सणाचा पोशाख वेगळा असतो, तसंच हे. वरच्या मजल्यावरच्या लहान संग्रहालयात देशोदेशींहून आलेले झगे मांडले आहेत. त्यातला एक सम्राज्ञी मारिया तेरेझाने दिलेला. पलीकडे कोरियातून, व्हिएतनाममधून आलेले. एवढ्या लहान झग्यांना केवढ्या बारीक टाक्यांची भरतकामं केली आहेत! कुणाच्या तरी बोटांनी किती संध्याकाळी यावर घालवल्या असतील. मी आईच्या नावाने मेणबत्ती लावली. ती असती तर तिने इथे तासभर काढला असता, म्हणून मीही काढला.

संध्याकाळी किल्ल्यावर गेलो. संत व्हीटसच्या चर्चचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. भव्य आहे, आणि आत बाहेरपेक्षा जास्त थंडी आहे. पायऱ्या उतरताना बर्फ सुरू झाला.

१६ जानेवारी, रात्री

हीच ती तारीख.

१९६८ च्या वसंतात चेकोस्लोव्हाकियात वृत्तपत्रांवरची बंधनं सैल झाली होती, लोक मोकळेपणी बोलायला लागले होते. २१ ऑगस्टला सोव्हिएत आणि मित्रदेशांचे रणगाडे शिरले. लोक सुरुवातीला निःशस्त्र उभे राहिले, मग हळूहळू सगळं निवत गेलं. नेते एकेक पाऊल मागे घेत होते, सेन्सॉरशिप परत आली होती. १६ जानेवारी १९६९ ला दुपारी यान पालाख हा चार्ल्स विद्यापीठाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वेन्सेस्लास चौकात, राष्ट्रीय संग्रहालयासमोरच्या कारंज्यापाशी आला. त्याने अंगावर पेट्रोल ओतलं आणि पेटवून घेतलं. वाहतूक खात्यातल्या एका माणसाने स्वतःचा कोट त्याच्यावर टाकून आग विझवली. तीन दिवसांनी, १९ तारखेला, तो गेला. त्याच्या पत्रात मागण्या अगदी नेमक्या होत्या: सेन्सॉरशिप उठवा, आणि आक्रमकांचं प्रचारपत्र वाटणं थांबवा.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत यारोस्लावा मोसेरोव्हा नावाच्या डॉक्टर होत्या. पुढे त्या सिनेटर झाल्या. त्यांनी नंतर सांगितलं की पालाखचा रोख परकीय सैन्यापेक्षा लोकांच्या खचण्याकडे होता. माणसं नुसती हरलेली नव्हती, ती हार मानायला लागली होती, आणि त्याला ते थांबवायचं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते. वीस वर्षांच्या मुलाला असं करावंसं वाटावं, याचा त्रास मला तेव्हाही झाला आणि आजही होतो. आयुष्यभर त्या वयाच्या आगेमागे असलेली मुलं शिकवली. माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने हे करायचं ठरवलं असतं तर मी त्याच्या पाया पडून त्याला अडवलं असतं. आणि तरीही त्याने केलेल्या कृत्यापुढे मान लवते. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र राहतात.

स्मारक उंचावर नाही. संग्रहालयासमोरच्या पदपथातच ब्राँझचा एक क्रूस आडवा आहे, आणि फरशा त्याच्याभोवती फुगून आल्यात, जणू खालून कुणीतरी उठायचा प्रयत्न करतंय. बार्बोरा व्हेसेला यांचं हे काम २००० साली बसवलं. त्यावर यान झाइत्सचंही नाव आहे. त्यानेही १९६९ च्या फेब्रुवारीत याच चौकात पेटवून घेतलं. सकाळपासून लोक येत होते. फुलं ठेवत, लाल काचेच्या दिवट्या लावत. वाऱ्याने एकेक विझायची आणि पुढचा माणूस आपली ठेवण्याआधी शेजारची विझलेली पेटवून द्यायचा. हे मी तासभर पाहिलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण एकही दिवटी फार वेळ विझलेली राहिली नाही. शाळेतल्या मुलांचा एक गट आला, शिक्षिका हलक्या आवाजात सांगत होत्या. एका मुलीने टोपी काढली, तिचं पाहून सगळ्यांनी काढली. त्या थंडीत.

संग्रहालयाच्या खांबांवर फिकट ठिपके दिसतात. ऑगस्ट १९६८ मध्ये सैनिकांनी इमारतीवर गोळ्या झाडल्या, त्या खुणा बुजवल्या तरी कळतील अशाच राहिल्यात. मला ते फार योग्य वाटलं.

कम्युनिस्ट सत्तेला पालाख मेल्यावरही नको होता. १९७३ मध्ये गुप्त पोलिसांनी त्याचं शव थडग्यातून काढून दहन केलं आणि त्याच्या जागी एका अनोळखी वृद्धेला पुरलं, कारण लोक तिथे फुलं घेऊन येणं थांबत नव्हते. १९९० मध्ये अस्थी परत त्या जागी आल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८९ च्या जानेवारीत, त्याच्या मृत्यूला वीस वर्षं झाली म्हणून लोक या चौकात जमले, तेव्हा पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले होते. जानेवारीतल्या थंडीत, पाण्याचे फवारे. तरी आठवडाभर लोक परत परत येत राहिले. सत्तेला विरोध करणारे नाटककार व्हाक्लाव हावेल यांना त्याच दिवसांत अटक झाली. नोव्हेंबरात ती राजवट कोसळली, आणि वर्ष संपायच्या आत हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

हे सगळं माहीत असताना मे महिन्यात येऊन बागा बघणं मला जमलं नसतं. या शहराने आपला कणा टिकवला तो कडाक्याच्या थंडीत, आणि ती थंडी अंगावर घेतल्यावरच ते पाणी, तो कोट, त्या दिवट्या नीट कळतात.

१८ जानेवारी

आज हलकं काही. सकाळी चार्ल्स पुलावर गेलो. सातला अंधारच होता, गॅसचे दिवे जळत होते. नेपोमुक या संताच्या पुतळ्याखालची ब्राँझची पाटी लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखी झाली आहे, तिथेच फक्त बर्फ टिकला नव्हता. हातमोजा काढून बोट लावलं तर धातूचा चटका बसला.

खाली नदी वाहत होती. उणे सात तापमान, काठाला पातळ पापुद्रा, आणि मधे पाणी मोकळं. हंस, बदकं, कुरव पक्षी निवांत. जुन्या छायाचित्रांत मात्र याच व्हल्ताव्हावर माणसं चालताना, स्केटिंग करताना दिसतात. शंभर वर्षांपूर्वी नदीतला बर्फ करवतीने कापून साठवत, आणि उन्हाळ्यात तोच बर्फ पबवाल्यांना, खाटकांना पुरवत. त्यासाठी ब्रानिक भागात मोठमोठी बर्फघरं बांधली होती, त्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत.

मग नदी गोठायची थांबली कशी? लेक म्हणाली, हवामानबदल. तो आहेच, पण मोठं कारण त्याआधीचं आहे. १९५० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला स्लापीचं धरण झालं. हिवाळ्यात खोल जलाशयाच्या तळाशी पाणी चार अंशांचं असतं, कारण चार अंशांवर पाणी सर्वांत जड. धरणातून खाली येणारं पाणी खोलवरचं, म्हणजे गोठायला अजून चार अंश बाकी असलेलं. प्रागपर्यंत पोचेतो ते तेवढं निवत नाही. पाण्याचं असंगत आचरण! नाशिकच्या उकाड्यात होपच्या उपकरणाची आकृती फळ्यावर काढून हे मी कित्येक तुकड्यांना शिकवलं. मुलं आकृती पाठ करायची, मार्क मिळवायची. आणि इथे एका धरणाने त्याच नियमाने एका शहराचा बर्फ, बर्फ कापणाऱ्यांचा धंदा आणि पोरांचं स्केटिंग बंद केलं. मी कठड्याशी उभं राहून हे लेकीला समजावत होते. तिने सगळं ऐकून घेतलं, तिला दहावीला मीच शिकवलं होतं.

थंड पाण्यात पोहणाऱ्यांचा मात्र इथे जुना नेम आहे. आल्फ्रेद निकोदेम यांनी १९२० च्या दशकात तो सुरू केला, आणि आजही २६ डिसेंबरला त्यांच्या आठवणीसाठी राष्ट्रीय नाट्यगृहाजवळ शेकडो लोक नदीत उतरतात, त्यात सत्तरी ओलांडलेलेही असतात. शेजारच्या आजींचे यजमान त्यातले होते असं आज कळलं. भिंतीवरच्या फोटोत टोपी घातलेले, छातीएवढ्या पाण्यात हसणारे गृहस्थ, ते हेच.

उद्या ब्रानिकला जाऊन बर्फघरं बघायची आहेत. ट्रॅमचा नंबर लेकीने लिहून ठेवलाय. आजींनीही येते म्हटलंय, त्यांचे वडील तिथे कामाला होते.