तुम्ही विचारलंत म्हणून: गच्चीवर हिरवळ केली तर छत गळणार नाही का?

हिरव्या छताचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. माती म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे गळती, असं आपलं साधं गणित असतं. खरं उत्तर असं की नीट केलेल्या हिरवळीखाली छत उघड्या छतापेक्षा जास्त टिकतं. पण आधीच गळणाऱ्या गच्चीवर माती टाकणं म्हणजे गळती झाकून ठेवणं. आधी दुरुस्ती, मग हिरवळ.

वॉटरप्रूफिंग पाण्यापेक्षा उन्हाने लवकर मरतं. काळसर उघडं छत दुपारी 65-70 अंशांपर्यंत तापतं आणि एका सरीने झर्रकन निवतं. रोज ताणायचं, रोज आकसायचं, वरून अतिनील किरणांचा मारा. काही वर्षांत थर ठिसूळ होतो, सांधे उकलतात. वर 10 सेंटिमीटर माती आणि झाडोरा असला की हा खेळच थांबतो.

गळतीपेक्षा मला काळजी वाटते वजनाची. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 किलो. बागेतली साधी माती चिंब भिजली की घनमीटरला 1600 ते 2000 किलो भरते, म्हणजे 10 सेंटिमीटरच्या थराचे चौरस मीटरला 160 ते 200 किलो. विटांचा चुरा, प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), परलाइट (भाजून फुगवलेले हलके खनिज दाणे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं कंपोस्ट असं हलकं मिश्रण घेतलं तर तेच 100 ते 130 वर येतं. कोरडं पोतं उचलून ‘हलकं आहे की’ म्हणणारे इथेच फसतात. हिशेब कायम भिजल्या वजनाचा, आणि तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायचा. माणसांचा भार त्यात वेगळा धरायचा. साधी माती आणखी एका कारणाने नको: वर्षभरात ती दबून घट्ट होते आणि तिच्यातला बारीक गाळ खालचं गाळणीचं कापड बुजवतो.

थर खालून वर असे: ढाळ दिलेला कोबा (100 ला 1 तरी, 50 ला 1 असेल तर उत्तम), वॉटरप्रूफिंग, मुळं रोखणारी शीट, निचऱ्याचा खळगे असलेला बोर्ड, गाळणीचं कापड, मिश्रण, रोपं. शीटचे सांधे गरम हवेने चिकटवलेलेच हवेत. नुसती एकावर एक पसरलेली शीट मुळं बरोबर हुडकतात, आणि डांबरी थर तर त्यांना आडकाठीच वाटत नाही. कठड्यापाशी वॉटरप्रूफिंग मातीच्या पातळीच्या वर 15 सेंटिमीटर चढलेलं असावं. ते मातीखालीच संपवलं की पाणी त्याच्या पाठीमागून उतरतं. बहुतेक गळत्या गच्चीच्या मधल्या सपाट भागात नाहीत, या कडांना सापडतात.

माती चढवण्याआधी चाचणी करा. पाइप बंद करून 5 सेंटिमीटर पाणी 48 तास तुंबवायचं (याचंही वजन चौरस मीटरला 50 किलो, विसरू नका). शेजारी पाण्याने भरलेलं उथळ घमेलं ठेवा. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली तर ते पाणी उन्हाने प्यायलं. गच्चीवरची जास्त उतरली तर वाट कुठेतरी आहे. नंतर शोधणं महाग पडतं, कारण पाणी थराखाली आडवं सरकतं आणि ठिबकतं ती जागा भोकाची नसते.

मग निचऱ्याचं तोंड. त्यावर भोकांची, झाकण उघडणारी पेटी आणि भोवती 30 ते 50 सेंटिमीटर गोटे, तिथे रोप नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पहिल्या जोरदार सरींनंतर एकदा झाकण उचला. आत पानांचा चोथा, सायीसारखा मऊ गाळ आणि भोकांतून आत लोंबणारी मुळांची दाढी दिसेल. ती कापून काढा. तोंडं किमान दोन, शिवाय कठड्यात जास्तीच्या पाण्याचा पाइप, दाराच्या उंबऱ्यापेक्षा खाली.

फायद्यांबद्दल मात्र हातचं राखून बोलावं. गारवा येतो तो सावलीने आणि बाष्पीभवनाने: 1 लिटर पाणी उडताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पाणी संपलं की हा गारवाही संपला. सेडमसारखी जाड, रसाळ पानांची चिवट रोपं कोरडीत दिवसा पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) मिटून बसतात, म्हणून टिकतात. पण त्यामुळेच कमी गारवतात. फरक जाणवतो तो वरच्या मजल्याला. भिजलेली माती थंडीत फारसं पांघरूण होत नाही. पावसाचंही तसंच: कोरडा 10 सेंटिमीटर थर चौरस मीटरला 30 लिटरच्या आसपास धरतो, दुसऱ्या दिवशी मात्र जेवढं उडालं तेवढीच जागा उरते. तरीही तो पाणी हळूहळू सोडतो, आणि गटारावरचा एकदम येणारा लोंढा त्याने मोडतो.

झाडोरा दाट होईपर्यंतची पहिली दोन वर्षं तण काढावंच लागतं. त्यातही पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून येणारा पिंपळ किंवा वड बोटभर असतानाच, ओल्या मातीतून, मुळासकट उपटा. वितभर झाला की वरचा शेंडा हातात येतो आणि मूळ आत राहतं.