कातीवरून साप : पावसाळ्यातली नोंद

यंदाच्या पावसाळ्यात साप बघायला आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. बहुतेक पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, दोन पाषाण तलावाच्या काठाने, एक सिंहगडाच्या पायथ्याला. जिवंत साप दिसले सात, त्यातले खात्रीने ओळखता आले पाच. उरलेल्या दोघांपुढे वहीत प्रश्नचिन्ह आहे. एक गवतातून सरकलेली शेपटी होती, तिला मी धामण म्हणाले असते तर कुणी अडवलं नसतं. पण नाही म्हटलं.

यंदा खरा वेळ गेला तो कातींवर. साप थांबत नाही, कात थांबते. शिवाय ती बघताना कुणाला त्रास होत नाही. पहिली कात मिळाली टेकडीवरच्या खाणीच्या कडेला, घाणेरीच्या जाळीत अडकलेली. मोजपट्टीने साडेसहा फूट. (कात ओढली जाऊन ताणते, साप त्याहून आखूडच असणार.) खडकावर पसरली, बाटलीतलं पाणी शिंपडून मऊ केली, शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढले आणि होती तिथे ठेवून दिली. कात घरी आणायची नाही, हा माझा नियम.

घरी फोटो मोठा करून खवल्यांच्या रांगा मोजल्या. शरीराच्या मध्यावर, पोटाच्या रुंद खवल्याच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत, पोटाचा खवला सोडून. आल्या एकोणीस. दिवडीला इतक्याच असतात, म्हणजे ही पाण्याकाठची दिवड! खूश होऊन वहीत लिहूनही टाकलं. रात्री भांडी घासताना डोक्यात आलं, साडेसहा फुटांची दिवड? आणि दिवडीच्या खवल्यांवर मधोमध ठळक कणा, म्हणजे उभा उंचवटा असतो, ही कात तर बोटाला गुळगुळीत लागली होती. पुन्हा मोजलं. तिरकं मोजताना मध्येच रांग सुटली होती आणि दोन खवले दोनदा धरले गेले होते. मध्यावर सतरा, शेपटीच्या अलीकडे चौदा. धामणच. आकडा हातात आला की डोळे बंद होतात माझे. आता बॉलपेनने फोटोच्या प्रिंटवर एकेक खवल्यावर टिंब देत मोजते.

दुसरी नोंद घरचीच, कोथरूडची. रात्री साडेदहाला वॉचमनकाकांचा फोन, "ताई, खाली या, मण्यार हाय." पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीखाली हातभर लांबीचा तपकिरी साप. काकांच्या हातात काठी. "काका, आधी काठी ठेवा बरं बाजूला." दहा फुटांवरून टॉर्च मारला, तोही थेट डोळ्यांवर नाही. पांढुरके पट्टे मानेपासूनच सुरू, शेपटीकडे विरत गेलेले, डोकं चपटं. जहाल विषारी मण्यारीचा रंग काळा-निळसर चकचकीत, पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होणारे आणि शेपटीकडे ठळक. हा बिनविषारी कवड्या. पालींच्या मागावर आलेला. आमच्यासमोर पाइपावरून सरसर वर चढून गेला. तरी एक सांगते, हा फरक दुरून बघायचा आहे. मण्यारीच्या पिल्लांचे पट्टे पुढेही येतात, त्यामुळे शंका असेल तर ती मण्यारच धरायची आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ वर फोन करायचा.

तीन दिवसांनी काकांनी पेटीमागची कात दाखवली. कवड्याचीच असणार, म्हणून मी मजेतच मोजायला बसले. मध्यावर पंधरा रांगा. कवड्याला सतरा हव्यात. पाठीच्या मधोमध एक रांग बाकीच्यांहून मोठी, षटकोनी खवल्यांची, मधमाशीच्या पोळ्यासारखी. मग शेपटीखालची बाजू वर केली. कवड्याचे शेपटीखालचे खवले दुभंगलेले असतात. इथे एकेक खवला अखंड, शेवटच्या टोकापर्यंत. चार वेळा बघितलं. मण्यार. ती दुसरे सापही खाते, तेव्हा कवड्या असेल तिथे ती फिरकणं नवल नाही.

मला पहिल्यांदा आठवली ती काकांची सतरंजी. मीटरच्या पेटीपासून चार पावलांवर, थेट फरशीवर. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. सोसायटीच्या बैठकीत खाटेचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर पाऊण तास चर्चा झाली. मी तोवर आमची फोल्डिंगची खाट खाली नेऊन ठेवली, वर मच्छरदाणी. पेटीमागचा विटांचा ढीग उचलला, दाराखालची फट बुजवली. मण्यार पुढे दिसली नाही, पण म्हणून ती गेली असं वहीत लिहिलेलं नाही.

काकांना कातीची शेपटी दाखवली, अखंड खवले समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचत म्हणाले, "मी म्हटलं व्हतं ना ताई."