तुम्ही विचारलंत म्हणून: सारखं फ्लोरेन्स प्यूचंच उदाहरण का?

डोंबिवलीत रविवारी सकाळी मी मुलांचा नाटकाचा वर्ग घेते, आणि वर्ग सुटल्यावर दारात चपला घालता घालता कुणाची ना कुणाची आई हे विचारतेच, "ताई, आज परत त्या फ्लोरेन्स प्यूचं सांगितलंत म्हणे मुलांना, आपल्याकडे काय नट्या कमी आहेत का?" कमी अजिबात नाहीयेत. मी स्मिता पाटीलबद्दल बोलते, भक्ती बर्वेंबद्दल तर तासभर बोलू शकते. पण फ्लोरेन्स प्यू या ब्रिटिश सिनेनटीबद्दल बोलायची माझी कारणं वेगळी आहेत आणि ती दारात उभ्या उभ्या सांगून होत नाहीत, म्हणून आज बसून लिहितेय.

आधी आवाज. तिचा आवाज घोगरा आहे, जाडसर, घशात थोडी खरखर असलेला. ती जन्मली ऑक्सफर्डला, ३ जानेवारी १९९६ ला, वडील तिथे रेस्टॉरंट चालवायचे आणि आई डान्सर. लहानपणी तिला ट्रॅकिओमलेशिया होता, म्हणजे श्वासनलिकेची भिंत पाहिजे तेवढी घट्ट नसते, त्यामुळे श्वास घेता-सोडताना ती दबते आणि साधा सर्दी-खोकला पण पोराला हॉस्पिटलात नेऊन ठेवतो. इंग्लंडची ओली थंडी तिला झेपेना म्हणून ती ३ वर्षांची असताना अख्खं घर उचलून आईवडील स्पेनमध्ये राहायला गेले, आणि ६ वर्षांची झाल्यावर परत आले. दुखणं मागे पडलं, घोगरेपणा मात्र राहिला. आज तिचं फक्त नाव ऐकलं तरी लोकांना आधी तो आवाज आठवतो.

हे मला एवढं का लागतं ते पण सांगते. सहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला राजकन्या व्हायचं होतं, संवाद माझे सगळ्यांच्या आधी पाठ झाले होते. आमच्या बाई म्हणाल्या तुझा आवाज मुलासारखा येतो, तू झाड हो. मी झाड झाले. पुढे कॉलेजात जाईपर्यंत मी वर्गात हात वर करून उत्तर दिलं नाही, घरी फोन वाजला तरी उचलायचे नाही. त्यामुळे माझ्या वर्गात कुणी पोरगी तोंडावर हात धरून संवाद म्हणायला लागली की मला राहवत नाही आणि मी फ्लोरेन्स प्यूची गोष्ट काढते.

मुलांना सगळ्यात आवडतो तो तिच्या शाळेतला किस्सा. ६ वर्षांची असताना नाताळच्या नाटकात ती येशूची आई मेरी झाली होती, आणि मेरी कशी गोड, शांत, मान खाली घातलेली असते ना, तर हिने ती एकदम उत्तर इंग्लंडच्या ठसक्यात बोलून दाखवली, पायाच्या शिरा सुजल्याची तक्रार करणारी दमलेली गरोदर बाई. लोक हसले आणि तिला कळलं की आपल्याला हे जमतंय. हे तिनेच मुलाखतीत सांगितलंय. मी मुलांना म्हणते, बघा, तिने विचार काय केला, की एवढा लांब प्रवास केलेल्या बाईचं काय काय दुखत असेल. त्या वयात तिला भूमिका कशी बघायची ते कळलेलं होतं. ती कधी ड्रामा स्कूलला गेली नाही, शाळेत असतानाच खुल्या ऑडिशनमधून तिला पहिला सिनेमा मिळाला, 'द फॉलिंग', २०१४ चा, मुलींच्या शाळेत एकामागोमाग एक मुली बेशुद्ध पडायला लागतात त्याची गोष्ट. त्यात तिची मैत्रीण होती मेझी विल्यम्स, जी तोवर 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेमुळे जगभर माहीत झालेली होती, आणि तरी तिच्या शेजारी ही नवखी वाटत नाही.

आता खरी गोष्ट, जी मी मुलांपेक्षा आयांना सांगते. १९ वर्षांची असताना तिला लॉस एंजेलिसला एका टीव्ही मालिकेच्या पायलटमध्ये काम मिळालं. पायलट म्हणजे पहिला नमुना भाग, तो चॅनेलला आवडला तर पुढची मालिका होते. आपल्याकडची कुठलीही पोरगी असती तर पेढे वाटले असते. आणि तिथे गेल्यावर तिला सांगण्यात आलं की वजन कमी कर, भुवयांचा आकार बदल, चेहऱ्याची ठेवण बदल. तिला वाटलं आपण या धंद्यात येऊन मोठी चूक केली. मालिका पुढे झालीच नाही, ती घरी परत आली, आणि तेव्हा तिच्या मनात सिनेमाचा नादच सोडावा असं आलेलं होतं. त्यानंतर लवकरच 'लेडी मॅकबेथ' मिळाला.

हा सिनेमा मुलांसाठी नाही, मोठ्यांनी जरूर बघा. शेक्सपिअरचं नाटक नाहीये ते, लेस्कोव्ह नावाच्या रशियन लेखकाच्या कथेवरून केलंय आणि गोष्ट इंग्लंडच्या गावाकडे, १८६५ च्या काळात आणलीय. कॅथरीन नावाची तरुण मुलगी जमिनीच्या तुकड्यासोबत विकल्यासारखी लग्न करून दिलेली, नवरा हात लावत नाही, सासरा घराबाहेर पडू देत नाही. ती निळ्या पोशाखात, कॉर्सेट आवळलेली, सोफ्यावर नुसती बसून असते, डोळे मिटायला लागतात, परत उघडतात, एवढंच. मी तो प्रसंग कितीतरी वेळा थांबवून थांबवून बघितलाय कारण अख्ख्या सिनेमाभर जे जे भयंकर पुढे होणार ते त्या बसण्यात आधीच आहे, आणि ती करतेय काय तर काहीच करत नाहीये. हे शूट करताना ती १९ वर्षांचीच होती. म्हणजे ज्या वर्षी एका ठिकाणी तिला तुझा चेहरा चालणार नाही म्हणाले त्याच सुमारास त्याच चेहऱ्यावर कॅमेरा नुसता रोखून ठेवून एका दिग्दर्शकाने सिनेमा उभा केला, आणि त्यासाठी २०१७ ला तिला ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. चेहरा तोच होता हो.

मग २०१९ हे वर्ष. एकाच वर्षात तीन सिनेमे आणि तिन्ही एकमेकांशी काही संबंध नसलेले. 'फायटिंग विथ माय फॅमिली'मध्ये ती नॉरिचची कुस्तीगीर पोरगी, तेव्हा तर तिला मस्त दणकट दिसायचं होतं. 'मिडसोमार' हा भीतीपट. आणि 'लिटल विमेन'मधली एमी, ज्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा तिला नुकतीच २४ वर्षं पूर्ण झाली होती.

'लिटल विमेन' ही मूळची चार बहिणींची कादंबरी, आणि एमी ही वर्षानुवर्षं वाचकांची नावडती बहीण, तिने लेखिका व्हायला निघालेल्या बहिणीचं, जोचं, हस्तलिखित जाळलेलं असतं, तिला माफी नाही. फ्लोरेन्सने एमीला १२-१३ वर्षांची पण केलंय आणि विशीतली पण, कपाळावर केस पुढे आले की लहान, वर बांधले की मोठी, पण खरा फरक आवाजात आहे. लहान एमी घाईघाईत, वरच्या पट्टीत बोलते, मोठी झाली की आवाज खाली उतरतो आणि वाक्य पूर्ण करायला ती वेळ घेते. पॅरिसला लॉरीला, म्हणजे त्यांच्या शेजारच्या मुलाला, ती शांतपणे सांगते की बाईला स्वतःचा पैसा नसतो, असला तरी लग्नानंतर तो नवऱ्याचा, मुलं पण नवऱ्याची, तेव्हा लग्न हा माझ्यासाठी पैशाचा व्यवहार नाही असं मला सांगू नकोस. हे सगळं बोलताना ती रडत नाही, ओरडत नाही. आमच्याकडे मोठ्या मुलींच्या गटात मी हा प्रसंग दाखवते आणि मग कुणी काही बोलायच्या आधी दोन मिनिटं गप्प बसायला लावते.

एका गोष्टीत मात्र मी तिचं उदाहरण उलट्या बाजूने देते. 'मिडसोमार'मध्ये आईवडील आणि बहीण गेल्याचं कळल्यावर ती जो हंबरडा फोडते तो ऐकवत नाही, इतका खरा आहे. पुढे तिने सांगितलं की तसं रडू यावं म्हणून ती स्वतःच्या घरच्यांना शवपेटीत बघितल्याची कल्पना करायची, आणि याचा तिला खूप त्रास झाला, परत स्वतःला असं वागवायचं नाही हे तिने ठरवलं. मला हे तिने उघड बोलून दाखवलं याचं फार मोल वाटतं. माझ्या वर्गात नियम आहे, रडायच्या प्रसंगासाठी कुणीही स्वतःच्या आजीचं जाणं आठवायचं नाही. श्वास तोडायला शिका, खांदे बघा, समोरच्याचं नीट ऐका, तेवढ्यावर रडू येतं, नाही आलं तरी नाटक होतं.

काही पालकांना 'ओपनहायमर' आठवतो, २०२३ चा, आणि ते जरा तुटकपणे विचारतात, "म्हणजे तीच ना ती?" हो, तीच. त्यातल्या शरीरसंबंधाच्या प्रसंगात भगवद्गीता आणली ते मला स्वतःला पटलं नाही, उगाच आणली असं वाटलं, आणि ज्यांचं मन दुखावलं त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण प्रसंग लिहिणारा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन होता, राग मात्र जास्त करून तिच्या वाट्याला आला. आपल्याकडे थिएटरमध्ये तिच्या अंगावर कॉम्प्युटरने काळा ड्रेस चढवून दाखवला, आणि या सगळ्यात जिची भूमिका तिने केली ती जीन टॅटलॉक ही खरी बाई, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, जी वयाच्या २९ व्या वर्षी गेली, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फ्लोरेन्सला सिनेमात जेमतेम काही मिनिटं मिळालीत पण त्या बाईचं एकटेपण मला दिसलं.

पोरांना अर्थात तिने केलेली येलेनाच आवडते, मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांमधली. 'थंडरबोल्ट्स'साठी तिने क्वालालंपूरच्या मर्डेका ११८ या टॉवरवरून, जो ६७८.९ मीटर उंच आहे, दोर बांधून स्वतः उडी मारली, विम्याच्या भानगडी होत्या तरी ती मागे लागून लागून मारली. ते सांगितलं की वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरं पण ऐकायला पुढे सरकतात. मला स्वतःला जास्त भावलं ते 'वी लिव्ह इन टाइम'मध्ये कॅन्सर झालेली शेफ करताना तिने खरंच डोकं भादरून घेतलं ते, आणि कॅमेऱ्यासमोर ते भादरलं तिच्या सहनटाने, अँड्र्यू गारफिल्डने. त्या प्रसंगात दोघं किती हळू बोलतात ते ऐका.

तर ज्या आईने या रविवारी विचारलं तिची लेक आठ वर्षांची, आवाज अगदी भरडा, आणि आईचा पुढचा प्रश्न होता की हिला गाण्याच्या क्लासला घालू का, आवाज जरा नाजूक होईल. मी म्हटलं आधी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या, कारण मुलांचा आवाज सारखा बसत असेल तर ते बघून घेतलेलं बरं. त्या दाखवून आल्या, सगळं ठीक आहे म्हणाले डॉक्टर. गाणं शिकायचं असेल तर खुशाल शिकू दे, मी फोनवर म्हटलं, पण मेच्या नाटकात राजकन्या तीच आहे, आणि संवाद तिने याच आवाजात पाठ करायचेत.