होल्स्टर दाबायचा प्रेस: टन नंतर, आधी पाट बघा

होल्स्टर म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायचं कातड्याचं म्यान. ओलं कातडं दाबून त्याला हत्याराचा आकार द्यायला प्रेस घ्यायचाय म्हटलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, किती टनाचा? मी पण जिथं गेलो तिथं हेच ऐकलं, बारा टन घ्या, वीस घ्या, पन्नास घेतला तर परत बघायलाच नको. आता मशिनरीवाला मोठंच सांगणार की, त्याला विकायचंय. पण नुसत्या टनाला काय अर्थ नाही ओ, तो टन केवढ्या जागेवर, म्हणजे प्रेसच्या केवढ्या पाटावर (दाबणाऱ्या सपाट प्लेटवर) पसरतोय ते बघायला पाहिजे.

आमचं काम छोटं आहे. घरात आधी पॉवरलूमला लागणारे चामड्याचे पिकर (धोट्याला धक्का देणारे तुकडे) आणि पट्टे व्हायचे, मग नायलॉनचे आले आणि ते काम गेलं. आता बेल्ट, वायरमन लोकांचे पक्कड ठेवायचे पाऊच आणि सिक्युरिटीवाल्यांची होल्स्टर. होल्स्टर मी हातानंच घडवायचो, ओलं कातडं डमीवर, म्हणजे हत्याराच्या आकाराच्या ठोकळ्यावर ओढायचं आणि अंगठ्यानं, हाडाच्या पट्टीनं दाबत बसायचं. दोन-चार नग असले तर मजा येते, पण एजन्सीनं एकदम लॉट दिला की संध्याकाळी चहाचा कप धरताना अंगठा ठणकतो. त्यात प्रत्येक नग वेगळा बसतो, एक ढिला, एक घट्ट, आणि गिऱ्हाईकाला सगळे सारखे पाहिजेत.

रेडीमेड बारा टनाचा हायड्रॉलिक प्रेस मला वीस हजाराच्या पुढंच सांगितला सगळ्यांनी, ते बजेट नव्हतं. मग स्वस्तातले पर्याय बघत गेलो. व्हॅक्यूमचं एकानं सुचवलं, म्हणजे एसी रिपेअरवाल्यांकडं असतो तो पंप आणि वर रबराचा पडदा. दिसायला एकदम भारी, पण पंप कितीही चांगला असला तरी शेवटी दाब देणार बाहेरची हवा, आणि ती चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर जात नाही. पातळ कातड्याला ठीक आहे, साडेतीन मिलिमीटरच्या जाड कातड्याला ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कडीची) कड काय नीट उठत नाही, परत हातानं दाबणं आलंच. फ्लाय प्रेस बघितला, तो दणका द्यायला चांगला, ठसे मारायला, वॉशर कापायला. आपल्याला दणका नको, दहा-पंधरा मिनिटं शांतपणे धरून ठेवणारा दाब पाहिजे. बाइंडिंगवाल्यांचा जुना स्क्रू प्रेस मात्र मला मनापासून आवडला, कुणाला स्वस्तात मिळाला तर डोळे झाकून घ्या. मला जो मिळत होता त्याचे आटे झिजलेले होते म्हणून सोडला.

आता हिशोब. एक फूट बाय एक फूट पाट म्हणजे साधारण ९०० चौरस सेंटिमीटर. त्यावर २० टन टाकले तर चौरस सेंटिमीटरला २२ किलो येतात. प्रेसऐवजी गाडी उचलायचा १० टनाचा जॅक आणि २५ बाय ३० सेंटिमीटरचा पाट असेल तर १३ किलो. आणि साधा ६ टनाचा जॅक २० बाय २० च्या पाटावर लावला तर १५. म्हणजे छोट्या पाटावरचा सहा टनी मोठ्या पाटावरच्या दहा टनीपेक्षा जास्त दाबतो! हे कागदावर मांडल्यावर माझं डोकं एकदम मोकळं झालं. रिव्हॉल्वरचं होल्स्टर २५ बाय ३० मध्ये आरामात बसतं, म्हणून १० टनाचा बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक) ठरवला आणि फ्रेम इथं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडून करून घ्यायची ठरवली.

तिथले अण्णा लूमची कामं करून म्हातारे झालेले. मी चित्र काढून नेलं होतं, वर जॅक टांगलेला आणि तो खाली दाबतोय असं. अण्णांनी कागद बाजूला सारला. म्हणाले, "जॅक उलटा टांगलास तर तेल एका टोकाला आणि पंपाचं तोंड दुसऱ्या टोकाला, नुसती हवा ओढत बसंल त्यो." साधा बॉटल जॅक उभाच चालतो. मग त्यांनीच सुचवलं, जॅक खाली, मधला पाट सरकता, वरचा पाट पक्का. जॅक मधला पाट वर ढकलतो आणि दोन्ही बाजूच्या स्प्रिंगा तो परत खाली ओढतात. सी-चॅनलची फ्रेम, लेथवर काढलेले दोन दांडे आणि त्यावर सरकणारे बुश.

त्या बुशांवर मी अडून बसलो होतो, कारण रिव्हॉल्वर सगळीकडं सारख्या जाडीचं नसतं. चाकाचा भाग जाड, नळी बारीक. डमी कशीही ठेवली की जाड भाग एका बाजूला येतो, पाट तिरका होतो आणि नळीकडं कातडं कोरंच राहतं. चाक बरोबर जॅकच्या डोक्यावर येईल असं ठेवायचं, आणि बुश ढिले नकोत. दोन पाटांमधली फट पण आधीच मोजा. वर-खाली एकेक इंची रबर, दोन थर कातडं आणि मध्ये डमी, असं सगळं चार इंचाच्या आसपास जातं. मी सहा इंच ठेवायला सांगितली.

खरं हत्यार प्रेसमध्ये घालायचा विचारसुद्धा करू नका. सुताराकडून सागवानी डमी करून घेतली, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीतल्या पॉइंट थ्री टू रिव्हॉल्वरच्या मापाची. ट्रिगरच्या आतली पोकळी लाकडानं भरून घेतली, नाहीतर कातडं आत घुसून अडकतं आणि हत्यार निघता निघत नाही. वर नळीच्या लांबीची बारीक पट्टी चिकटवली, म्हणजे नळीवरच्या पुढच्या साईटला (नेम धरायच्या उंचवट्याला) जायला वाट राहते आणि ती कातडं खरवडत नाही.

रबराला सगळ्यात जास्त हिंडलो. चपलेच्या सोलचा फोम दोन-चार दाबात चपटा होतो आणि तसाच बसून राहतो. टायरवाल्याकडचं रबर दगडासारखं कडक, ते वाकून कडेत शिरतच नाही. पाहिजे ते मऊ नॅचरल रबर, शोर ए ४० च्या आसपासचं (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). दुकानात शोर विचारला की निम्मे लोक तोंडाकडं बघतात, म्हणून नख दाबून बघायचो, खड्डा पडून लगेच वर आला पाहिजे.

कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅनच लागतं. क्रोमच्या क्षारात कमावलेलं कितीही दाबा, वाळलं की शेप सोडतं. आणि ओल्या व्हेज टॅनला उघडं लोखंड लागू देऊ नका, टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळानिळा डाग पडतो. आमच्या पूर्व भागातल्या जुन्या रंगाऱ्यांना हे नवीन नाही, हिरडा आणि लोखंडाचा काळा रंग त्यांना पाठ आहे. आपल्याला मात्र तो गिऱ्हाईकाच्या मालावर नको असतो. मी दोन्ही पाटांना जाड प्लॅस्टिक शीट लावली, हलका डाग पडलाच तर लिंबाचा रस चोळतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं एक वेगळंच प्रकरण आहे. मे महिन्यात कातडं भिजवून बाहेर काढलं की फोन घेईपर्यंत कडा वाळालेल्या. म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत कोमट पाण्यात भिजवायचं, मग पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं, सकाळी उकडायच्या आत दाबायचं. प्रेसमधून काढलं की कडा हाडाच्या पट्टीनं थोड्या उठवाव्या लागतातच, ते काम काय प्रेस करत नाही, पण आधी जिथं अर्धा तास जायचा तिथं आता पाच मिनिटं. वाळवायचं सावलीत, उन्हात टाकलं तर तडकतं.

जॅक, लोखंड, वेल्डिंग, लेथ, रबर सगळं धरून खर्च आठ हजाराच्या आत बसला, आणि लाईट गेली तरी काम चालू. कुणी जुना जॅक घेणार असेल तर वजन देऊन तसाच पंधरा मिनिटं ठेवा. खाली उतरायला लागला तर सील गेलंय, भाव कितीही पाडून देऊ दे, घेऊ नका. पक्कडच्या पाऊचसाठी आता अण्णांना २० बाय २० चा छोटा पाट सांगितलाय, तो याच फ्रेमवर बसेल.